अंदाजाने घ्यावे

आमच्या घरात मुख्य कारभार कोणाचा, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे अनिर्णित होता. मागच्या मार्गशीर्षात तो एका क्षणात निकालात निघाला. सिद्धनाथाच्या रथाची गर्दी ओसरली, यात्रेला आलेले पाहुणे आपापल्या गावी मार्गी लागले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हिचा पाय न्हाणीघराच्या फरशीवरून सटकला. पडता पडता हिने उजवा हात टेकला. डॉक्टरांनी मनगटावर प्लास्टर चढवले, सहा आठवड्यांची मुदत घातली आणि मला म्हणाले, "गुरुजी, यांच्या हाताला पूर्ण विश्रांती. घरातलं आता तुम्हालाच बघावं लागेल."

मी म्हणालो, "बघतो की!"

चाळीस वर्षे मी घरातले बघतच आलो होतो. डॉक्टरांना 'बघणे' म्हणजे 'करणे' अभिप्रेत होते, हे मला त्या रात्री साडेआठला समजले.

मी इतिहासाचा मास्तर. नोकरीची सारी वर्षे म्हसवडातच गेली. पानिपतावर मराठ्यांचे काय चुकले हे मी गावातल्या दोन पिढ्यांना समजावून दिले आहे. भाऊसाहेबांची रसद तुटली, छावणीत अन्नाचा कण उरला नाही, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी लढण्याची पाळी आली, हे सांगताना दर वर्षी माझा घसा दाटून येई. मागच्या बाकावरचे एखादे पोर त्याच वेळी डबा उघडत असे, ते सोडा. पण स्वतःच्या घरात बाजरीच्या पिठाचा डबा कोणता, हे मला ठाऊक नव्हते. मी पहिला डबा उघडला त्यात रांगोळी निघाली. रसद तुटणे म्हणजे काय, ते त्या रात्री मला इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कळले.

पहिले तीन दिवस शेजारच्या घरांतून ताटे आली. झाकून, वर स्वच्छ फडके टाकून. परंतु शेजारधर्मालाही मुदत असते आणि ती प्लास्टरच्या मुदतीपेक्षा बरीच कमी असते. चौथ्या दिवशी ताट आले, पण आणणारीने "अजून किती दिवस हो प्लास्टर?" असे विचारले. मी समजलो.

पुण्याच्या चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, एवढं काय? मोबाईलवर बघून करा. सगळं असतं त्यात." असते खरे. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. त्यात एक हसतमुख बाई दोन मिनिटांत भाकरी थापून, भाजून, टम्म फुगवून मोकळी झाली. मी अजून पाणी ओततच होतो. तिला थांबवावे म्हणून बोट लावले, तर हाताला पीठ. बाई थांबेना. उलट दुसऱ्याच एका बाई येऊन केस गळण्यावर उपाय सांगू लागल्या. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटला आणि माझ्या मोबाईलला पिठाचा थर बसला.

तेव्हा मी ठरवले की, रीतसर क्लास लावायचा. मास्तर माणसाचा शेवटी शाळेवरच विश्वास. माझ्या अटी तीनच होत्या. एक, बाजरीची भाकरी शिकवली पाहिजे. दोन, पुरुषाला प्रवेश पाहिजे. आणि तीन, सर्वांत महत्त्वाची, परातीत स्वतःचा हात घालू दिला पाहिजे. नुसते बघणे मी मोबाईलवर करून चुकलो होतो.

आठवडी बाजारात चौकशी केली. घोंगड्यांपासून शेरडांपर्यंत सगळे मिळणाऱ्या त्या बाजारात भाकरीचा क्लास मात्र कोणाला माहीत नव्हता. भाजीवाल्या म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळले.

"भाकरीचा कलास? आवं गुर्जी, भाकरीला कुटं कलास असतुय व्हय? ती येतीया."

"येते म्हणजे? कुठून येते?"

"आता कुटनं येतीया ते काय सांगू! येतीया."

हे उत्तर तेव्हा मला अडाणीपणाचे वाटले होते. ते मागे घेण्याची वेळ पुढे येणार होती.

शेवटी एस.टी.ने मोठ्या शहरात गेलो. तिथल्या एका पाककला-वर्गाची जाहिरात वाचली होती. 'प्रत्यक्ष' हा शब्द तीत ठळक छापला होता. गेलो तो वीस-बावीस खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीवर एक वही आणि वहीमागे एक बाई. पुढे टेबलावर एकच शेगडी. बाईंनी पनीरचे काहीतरी केले. आम्ही लिहून घेतले. बाईंनी केक केला. आम्ही तोही लिहून घेतला. शेवटी प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर चव आली. 'प्रत्यक्ष' काय ते एवढेच. मी धीर करून विचारले, "भाकरी कधी?" बाई गोड हसल्या. "काका, ती अभ्यासक्रमात नाही."

परतीच्या एस.टी.त मला त्यांचा राग यायला हवा होता. पण आठवत राहिले ते निराळेच. मीसुद्धा वर्षानुवर्षे मुलांना किल्ले फळ्यावर खडूनेच चढवले होते. तेव्हा त्या बाई आणि मी, एकाच बिरादरीतले.

मास्तराला एखादी गोष्ट करता आली नाही, की तो तिचा इतिहास शोधतो. मी तेच केले. हिला खिचडी शिजवून घातली (ती हिने निमूटपणे खाल्ली, यावरून हिच्या दुखण्याची कल्पना यावी) आणि कपाटातली पुस्तके काढून बसलो. माणसाला स्वयंपाक शिकवला कोणी?

पुराणांत डोकावले तर पहिला धक्का बसला. आपल्याकडचे नामांकित स्वयंपाकी सगळे पुरुष! पाकशास्त्र सांगावे नलराजाने. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबावे भीमाने. या दोघांनी कुठे क्लास लावला होता, याबद्दल व्यास काही सांगत नाहीत. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला आणि त्यात राजाने काय काय खावे याचे मोठे रसभरीत वर्णन केले. ग्रंथावर नाव राजाचे. ज्यांच्या डोळ्यांत चुलीचा धूर गेला त्यांची नावे नाहीत. इतिहासात हे असे नेहमीच होते. मीही मुलांना किल्ला बांधणाऱ्या गवंड्याचे नाव कधी विचारले नाही.

छापील मराठी पाकपुस्तकांचा आरंभ १८७५ साली झाला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' त्या वर्षी निघाले. म्हणजे मराठीत स्वयंपाकाची पहिली शाळा छापखान्यात भरली आणि तिचेही मास्तर गुप्तेच, गुप्तेबाई नव्हेत. सालाकडे मात्र नीट बघा. १८७५. त्याच्या पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. आमचा माणदेश तर चांगल्या वर्षीही आभाळाकडे बघून जगणारा. आमच्या उशाशी असलेला राजेवाडीचा तलाव याच दुष्काळाच्या कामातून उभा राहिला. त्या काळी सरकारी कामावर राबणाऱ्या माणसाला मजुरी किती द्यावी, याचा सर रिचर्ड टेंपल यांनी हिशेब मांडला होता. दिवसाला पाऊंडभर धान्य आणि वर एखादा आणा. एवढ्यात माणूस जगत नाही म्हणून पुण्याच्या सार्वजनिक सभेने ओरडही केली. एकीकडे पुस्तकात पक्वान्नांची प्रमाणे छापली जात होती, आणि दुसरीकडे उपाशी माणसाच्या धान्याचे प्रमाण सरकारी तराजूत ठरत होते. 'प्रमाण' या शब्दाबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे, ती तेव्हापासूनची.

आता क्लासकडे वळू. माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. घरात शिकवणारे माणूस असते तोवर कोणी क्लास काढत नाही. ते माणूस नाहीसे झाले, किंवा शिकणारी घरातून बाहेर फेकली गेली, की क्लास निघतो. आपल्याकडे तशी फेकली गेली ती विधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून वाचलेल्या मुलीबाळींना हाताची कामे शिकवली गेली. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केले, आणि १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापला.

हे १८९६ साल मोठे गमतीचे आहे. पॅरिसला आदल्या वर्षी सुरू झालेल्या 'कॉर्दाँ ब्ल्यू' या संस्थेने आपला पहिला पाकवर्ग भरवला तो याच १८९६ च्या जानेवारीत. विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करून दाखवायचा आणि लोकांनी तो बघायचा. (तेव्हा खुर्च्या मांडून बघण्याची चाल आपल्या शहरातल्या बाईंनी काढलेली नाही, ती थेट पॅरिसची आहे.) तिकडे अमेरिकेत बॉस्टनच्या पाकशाळेच्या मुख्याध्यापिका फॅनी फार्मर यांचे पुस्तकही १८९६ चेच. या बाईंचा आग्रह असा की, चमचा म्हणजे सपाट चमचा. शीग लावायची नाही, सुरीने वरचे निपटून टाकायचे. 'थोडेसे', 'चिमूटभर', 'अंदाजाने' हे शब्द त्यांनी वर्गाबाहेर उभे केले. बाई मोठी जिद्दीची. ऐन शाळेच्या वयात अर्धांगाचा झटका येऊन तिचे शिक्षण थांबले, आणि घरी बसल्या बसल्या ती स्वयंपाकाकडे वळली. अखेरच्या दिवसांत तर तिने चाकाच्या खुर्चीत बसून पाकशास्त्रावर व्याख्याने दिली. ही खुर्ची लक्षात ठेवा, तिचे पुढे काम आहे.

एकाच वर्षी पॅरिस बघायला शिकले, बॉस्टन मोजायला शिकले आणि पुण्यात टाकलेल्या बायकांना नुसते उभे राहायला जागा झाली. त्यांना स्वयंपाक शिकवायची गरजच नव्हती. घराघरांतली विधवा आयुष्यभर चुलीपुढेच होती. तिला चुलीपलीकडचे शिकवायचे होते. मजा अशी की, पुढे बायका शिकू लागल्या तेव्हा समाज उलट बाजूने ओरडू लागला, "शिकलेल्या मुली भाकऱ्या कशा थापणार?" कर्व्यांनी जपानमधल्या स्त्री-विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांनी अभ्यासक्रमात मराठीतून शिक्षणाबरोबर गृहव्यवस्थेचा विषयही ठेवला. म्हणजे सासूचा विषय विद्यापीठात गेला आणि त्याला गुण मिळू लागले. त्याआधी १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहून गुप्त्यांकडून मास्तरकी आपल्याकडे घेतली होती. एक हजार पाकक्रिया! मला त्यांतली एक हवी होती.

पुरुषांचे काय झाले? त्यांना स्वयंपाक शिकवला तो पगारासाठी. धान्यटंचाईच्या काळात झटणाऱ्या अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने १९५४ साली मुंबईत केटरिंग कॉलेज काढले. बायकांनी काढलेल्या या कॉलेजातून आचारी होऊन बाहेर पडले ते बहुतेक पुरुष. हॉटेलात तो शंभर पानांचे करतो. घरी आला की, "चहा टाक गं" म्हणतो. पुढे मुंबईत घरे लहान झाली, सासवा गावी राहिल्या आणि सुनांच्या हाती गॅसची शेगडी आली. १९६६ साली तरला दलाल यांनी आपल्या घरातच वर्ग सुरू केले आणि त्यांना मुली लोटल्या. म्हणजे पुन्हा तेच. शिकवणारे माणूस दूर गेले, क्लास निघाला.

इतके वाचून झाल्यावर मी जरा अभिमानाने हिला म्हणालो, "पाकशास्त्राचा सगळा इतिहास झाला."

ही म्हणाली, "मग आज काय खायचं?"

आम्ही खिचडी खाल्ली.

त्याच रात्री हिच्या कपाटात मला 'रुचिरा' सापडली. लग्नात आलेली प्रत, हळदीच्या बोटांचे ठसे असलेली. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक किर्लोस्करांनी १९७० मध्ये काढले आणि त्याच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. लेकीला सासरी पाठवताना भांड्यांबरोबर हे पुस्तक देणारी आई त्या काळी घरोघर होती. आता बाई कुठल्या? आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते, आणि औंधच्या पंतांनी दिलेल्या तिथल्याच माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला होता. कमलाबाईंचा जन्म १९१३ चा. किर्लोस्करवाडीत लोखंडाचे नांगर ओतले जात होते, त्यापुढे 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिके छापली जाऊ लागली, आणि शेजारच्या गावात जन्मलेल्या या मुलीचे पुस्तक शेवटी त्याच किर्लोस्करांच्या नावाने निघाले. मुलीचे शालेय शिक्षण किती? चौथी. स्वयंपाकाचे शिक्षण? लग्न होऊन सांगलीला गेल्यावर सासूबाईंच्या हाताखाली.

आणि त्यांनी मापे कोणती घेतली? वाटी आणि चमचा. औंस नाही, ग्रॅम नाही. ज्या घरात तराजू नसतो त्या घरातही वाटी असते. सासूचा 'अंदाज' आणि बॉस्टनचा सपाट चमचा यांच्यामधली जी जागा, तिथे ही चौथी शिकलेली बाई वाटी घेऊन उभी राहिली. मला वाटते, मराठी मध्यमवर्गावर इतका मोठा उपकार फार थोड्या पदवीधरांनी केला असेल.

मी हिला विचारले, "यात बघून तू किती पदार्थ केलेस?"

"चार-पाच. सणासुदीचे."

"आणि भाकरी?"

"भाकरी काय पुस्तकात बघून करतात?"

मी कागद घेऊन हिशेब केला. रोजच्या आठ भाकऱ्या धरल्या, आणि वर्षे चाळीस, तर एक लाख सोळा हजार आठशे. म्हणजे 'रुचिरा'च्या जितक्या प्रती निघाल्या, जवळजवळ तितक्या भाकऱ्या या एका मनगटाने थापल्या होत्या. एकाही भाकरीवर लेखिकेचे नाव नव्हते. आणि समोरचा वाचक इतिहासाचा मास्तर असूनही त्याने एकीची नोंद केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या आचाऱ्याकडे गेलो. यात्रेच्या पंगतीला, लग्नाकार्याला सगळीकडे तोच. माझा जुना विद्यार्थी. मी त्याला इतिहासात दोनदा नापास केले होते. आज मी पिठाचे हात घेऊन त्याच्या दारात उभा होतो; इतिहास असा सूड घेतो. पण पोरगा मनाचा मोठा.

"गुरुजी, पाचशे पानांचं सांगा, आत्ता करून दावतो. दोन माणसांचं मला न्हाई जमत. अंदाज चुकतो."

"मग मी जाऊ कुणाकडे?"

तो जरा घुटमळला. "राग येणार नसंल तर बोलतो. आजवर ज्यांच्या हातचं खाल्लंसा, त्यांनाच इचारलंसा का?"

नव्हते विचारले. पॅरिसपर्यंत जाऊन आलो, बॉस्टन पाहिले, कर्व्यांना भेटलो. स्वतःच्या माजघरात गेलो नव्हतो. मला वाटे, ही शिकलेली नाही, हिला सांगता काय येणार? 'अंदाजानं घ्यायचं' याच्या पुढे हिचे पाकशास्त्र जात नाही, अशी माझी समजूत.

परत येताना माणदेशी महिला बँकेवरून आलो आणि पाय क्षणभर थांबले. आमच्या गावाचे नाव देशभर गेले ते या बँकेमुळे. चेतना गाला सिन्हा आणि इथल्या बायकांनी बँकेचा परवाना मागितला, तेव्हा तो नाकारला गेला. कारण अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणींना सही करता येत नव्हती. बायका अक्षरे शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे गेल्या. तिथे त्यांनी सांगितले की, आम्हाला लिहिता येत नव्हते, पण मोजता येते. कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली बँक उभी राहिली. ही गोष्ट मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो आहे. ज्या बाईला सही येत नाही तिला व्याज येते, हे मला मान्य होते. ज्या बाईला प्रमाण सांगता येत नाही तिला प्रमाण येते, हे मात्र डोक्यात शिरले नव्हते. अंदाज म्हणजे अडाणीपणा नव्हे, तो पाठ झालेला हिशेब. इतका पाठ, की पायऱ्या दाखवता येत नाहीत. गणितात पायऱ्यांना गुण असतात म्हणून आम्ही तिला नापास करतो.

संध्याकाळी ओट्यापाशी मी एक खुर्ची मांडली. हिला तीत बसवले, गळ्यातल्या झोळीत प्लास्टरचा हात. समोर काठवट घेऊन मी खाली बसलो. विद्यार्थीसंख्या एक. हजेरी शंभर टक्के.

"पाणी किती?"

"मागेल तेवढं."

"कोण मागेल?"

"पीठ."

"आणि कढत किती?"

"बोट सोसेल न सोसेल असं."

"सोसेल की न सोसेल? दोन्ही कसं?"

"घालून बघा." बोट घातले. दोन्ही कसे, ते समजले. हात भाजला त्या क्षणी माझी तिसरी अट पूर्ण झाली.

बाजरी गव्हासारखी नसते. गव्हाला अंगचा चिकटपणा असतो. पोळी लाटताना ती स्वतःला धरून ठेवते. बाजरीला कढत पाण्याने आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून एकत्र आणावे लागते. पीठही ताजे हवे. फार दिवसांचे झाले की कडवट लागते, आणि विरी गेली की कडा फुटतात. हे सगळे हिने पहिल्या दिवशी सांगितले नाही. एकेक भाकरी फसत गेली तसे एकेक बाहेर आले. माझी पहिली भाकरी माण तालुक्याच्या नकाशासारखी झाली, मधोमध माणगंगेसारखी भेग. "आणि नदी नेहमीप्रमाणं कोरडी," ही म्हणाली. प्लास्टर पडल्यापासून ही पहिल्यांदा हसली.

आठ दिवस नकाशे चालले. नवव्या दिवशी ही कंटाळून म्हणाली, "असं नव्हं हो." आणि खुर्चीतून वाकून डावा हात माझ्या हातावर ठेवला. दाबला. पुढे, मग जरा वळवून मागे. एवढेच. चाळीस वर्षांत जे मी रोज पाहिले होते ते माझ्या तळहाताला पहिल्यांदा कळले. भाकरी सरकली. काठवटीत आपोआप गोल फिरली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आरावर धरली. आणि फुगली. मी उभा राहिलो. "सिद्धनाथाच्या नावानं..." एवढे मोठ्याने म्हणालो, आणि ही खुर्चीतून म्हणाली, "चांगभलं!"

म्हातारी भाजीवाली बरोबर होती. ती येते. एका हातातून दुसऱ्या हातात येते. मधे पुस्तक असले तर वाट दाखवते, वर्ग असला तर सोबत करते. पण शेवटच्या चार बोटांचे अंतर हातानेच तोडावे लागते.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हात बाहेर आला तो काटकुळा, पांढरट. डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला आणि जोर लावायचा नाही, असे बजावले. ही मान हलवून घरी आली. दोन दिवसांनी मी बाजारातून परतलो तर स्वयंपाकघरात आवाज नव्हता. काठवटीत अर्धी थापलेली भाकरी, कडा फुटलेल्या. ही खुर्चीत बसलेली, उजवे मनगट डाव्या हातात धरून.

मला पाहून म्हणाली, "पीठ जुनं झालंय वाटतं."

मी म्हणालो, "हो, विरी गेली असेल."

पीठ मी आदल्याच दिवशी दळून आणले होते. हिला ते ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हेही हिला ठाऊक होते. मी हात धुतले, खाली बसलो आणि ती अर्धी भाकरी पुरी केली. कडा नीट बसल्या नाहीत. पण फुगली.

तेव्हापासून आमच्याकडे भाकरी माझ्याकडे आहे. कारभार कोणाचा हा प्रश्न, मी म्हणालो तसा, निकालात निघाला आहे. ओट्यापाशी खुर्ची आहे आणि तीत मुख्याध्यापिका बसतात.

परवा चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, आई म्हणाली तुमची भाकरी जमली. प्रमाण लिहून पाठवा ना, मीही करून बघतो."

मी कागद घेतला. 'पीठ –' लिहिले. 'पाणी –' लिहिले. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग फोन लावून सांगितले, "लिहून नाही येत रे. सुट्टी काढून ये. येताना वही आणू नकोस, हात धुऊन ये."

"पण बाबा, साधारण किती पाणी?"

मी खुर्चीकडे पाहिले. खुर्चीने मान हलवली.

"मागेल तेवढं," मी म्हणालो.